बाईंच्या वर्षाच्या मिस्साची तयारी आणि आठवणी गोळा कशा करायच्या

आई गेली तेव्हा आमच्या नाशिकरोडच्या घरी दोन प्रकारची माणसं येत होती. एक चर्चमधली, आल्या आल्या सतरंजीवर बसून रोझरी, म्हणजे मण्यांच्या माळेवरची प्रार्थना, सुरू करणारी. आणि दुसरी आईची शाळेतली पोरं, पोरं म्हणजे आता चाळिशी पन्नाशीची, कोणी प्रेसमध्ये कामाला, कोणी रिक्षा चालवतो, एकजण पळश्याहून आलेला त्याची द्राक्षाची बाग आहे, ती सगळी दारातच चपला काढून उभी राहायची आणि एवढंच म्हणायची, ताई, मी बाईंचा विद्यार्थी. चर्चवाल्यांना शाळेतल्या बाई माहीत नव्हत्या आणि ह्या पोरांना पहाटे पाचला उठून माळ म्हणणारी आई माहीत नव्हती. वर्षाच्या मिस्साला, म्हणजे आई गेल्याला वर्ष झाल्यावर तिच्यासाठी चर्चमध्ये होणाऱ्या प्रार्थनाविधीला, ह्या दोघांना एका जागी आणायचं असं मी तेव्हाच ठरवलं. ते करताना काय जमलं, काय चुकलं ते लिहून ठेवतेय, कारण आता ओळखीतले दोघं तिघं विचारतात की आमच्या आईचं वर्ष आलंय, सुरुवात कुठून करू.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. मिस्सा ही श्रद्धांजली सभा नाही. आपण कॅथलिक लोक मेलेल्या माणसाचं कौतुक करायला मिस्सा लावत नाही, त्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करायला लावतो, आणि आईला स्वतःला हेच हवं होतं, ती कायम म्हणायची मी गेल्यावर माझे गोडवे गाऊ नका, माझ्यासाठी मिस्सा लावा. पण शाळेतल्या पोरांना बोलायचं असतं, त्यांच्या मनात साठलेलं असतं, त्यांना गप्प बसवून कसं चालेल. म्हणून दोन्हीला वेगवेगळी जागा द्या. सकाळी चर्चमध्ये प्रार्थना, नंतर हॉलमध्ये किंवा घराच्या अंगणात चहा आणि आठवणी. आम्ही हे वेगळं ठेवलं म्हणून दोन्ही नीट झालं.

तारीख ठरवताना लोक फसतात. वर्ष ज्या वारी येतं त्या वारी सगळ्यांना जमत नाही म्हणून आपण सरळ रविवार धरतो. पण रविवारची मिस्सा त्या रविवारचीच असते, त्यात मृतांसाठीची बायबलमधली वाचनं घेत नाहीत, फक्त हेतूमध्ये, म्हणजे मिस्सा कोणासाठी ते सांगताना, नाव घेतात, आणि शनिवारी संध्याकाळची मिस्सासुद्धा रविवारचीच धरली जाते. तुम्हाला खास वर्षाची मिस्सा हवी असेल तर रविवार सोडून आठवड्यातला दुसरा दिवस घ्या, आम्ही शनिवारची सकाळ घेतली, बऱ्याच जणांना सुट्टी होती. राखेचा बुधवार (उपवासकाळ सुरू होतो तो), ईस्टरच्या आधीचा पवित्र आठवडा आणि ईस्टरचा आठवडा सोडून द्यावा लागतो. आणि आपल्याकडची एक खास अडचण, फेब्रुवारीत बाळ येशूची यात्रा असते, तेव्हा मुंबई, वसई, गोव्याकडून एवढी माणसं येतात की नाशिकरोडला लॉज मिळत नाही, रिक्षा मिळत नाही, फादर लोकही त्यातच असतात, तर तुमचं वर्ष फेब्रुवारीत असेल तर दोन महिने आधी बोलून ठेवा. दहावीची परीक्षा पण बघा, बाईंचे जुने विद्यार्थी आता स्वतः पालक आहेत.

चर्चच्या ऑफिसमध्ये जाताना नाव नीट लिहून न्या. आईचं बाप्तिस्म्याचं नाव वेगळं, शाळेच्या मस्टरवरचं वेगळं आणि लोकांच्या तोंडी नुसतं बाई. मी रजिस्टरमध्ये बाप्तिस्म्याचं नाव दिलं, फादरांनी मिस्सात तेच घेतलं आणि मागच्या बाकावरचे विद्यार्थी एकमेकांकडे बघायला लागले की हे कोणाचं नाव. एका मुलीने नंतर मला विचारलं, ताई, बाईंचं नाव घेतलंच नाही का हो. फार वाईट वाटलं मला. दोन्ही नावं द्या, फादरांना सांगा की शाळेत ह्या नावाने ओळखायचे, ते आनंदाने घेतात.

वाचनं कुठली घ्यायची ते फादरांशी बोलून ठरतं. आम्ही ज्ञानग्रंथाचा तिसरा अध्याय घेतला, नीतिमान माणसांचे आत्मे देवाच्या हातात आहेत तो भाग. इथे एक व्यवहाराची गोष्ट, हा ग्रंथ बाजारात सहज मिळणाऱ्या मराठी बायबलमध्ये नसतो, कारण ती आवृत्ती प्रोटेस्टंट पद्धतीची असते. मृतांसाठी प्रार्थनेचा उल्लेख आहे तो मक्काबीचा दुसरा ग्रंथ पण त्यात नसतो. माझा भाऊ आदल्या रात्री घरातलं बायबल उलटंपालटं करून शोधत बसला होता. सरळ चर्चमधल्या वाचनाच्या पुस्तकातून त्या पानाची झेरॉक्स घ्या, मोठ्या अक्षरात, आणि वाचणाऱ्याला दोन दिवस आधी द्या. स्तोत्र 23 सगळ्यांना येतं, ते म्हटलं की मागचे लोकही सोबत म्हणतात.

मिस्सात घरच्या कोणाला बोलायचं असेल तर ते प्रवचनाच्या जागी नाही, कम्युनियननंतरच्या, म्हणजे पवित्र भाकर वाटून झाल्यानंतरच्या, प्रार्थनेच्या वेळेला, आणि फादरांना आधी विचारून. तीन मिनिटं पुरे. मी कागदावर लिहून नेलं होतं आणि ते बरं झालं, कारण दुसऱ्याच ओळीला गळा भरून आला आणि पुढचं भावाने वाचलं. दुसऱ्याला वाचता येईल अशा अक्षरात लिहा.

विद्यार्थी बहुतेक हिंदू, काही मुसलमान, पहिल्यांदा मिस्साला येणारे. त्यांना आधी सांगितलं नाही तर बिचारे दीड तास अवघडून बसतात. मी मेसेजमध्येच लिहिलं की सगळे उभे राहिले की उभं राहा, गुडघे टेकायची सक्ती नाही, बसून राहिलात तरी चालतं, कम्युनियनच्या रांगेत फक्त कॅथलिक जातात, तेव्हा तुम्ही जागेवर शांत बसा, बाईंसाठी मनात जी प्रार्थना येईल ती करा. हार आणलात तर फोटो हॉलमध्ये आहे, तिथे घाला. एवढ्यावर काम झालं. एकाने उलट मेसेज केला, डोक्यावर रुमाल घेऊ का. म्हटलं, घे नाहीतर नको घेऊ, पण ये.

आता आठवणी गोळा करण्याबद्दल, कारण माझा जीव ह्यात आहे.

ग्रुपवर "बाईंबद्दल दोन शब्द लिहा" असं टाकू नका. मी टाकलं होतं. त्रेचाळीस मेसेज आले आणि सगळ्यात तेच, प्रेमळ, मनमिळाऊ, शिस्तप्रिय, आईसमान. खोटं काही नव्हतं, पण ते कुठल्याही बाईंबद्दल लिहिता येईल, त्यात माझी आई कुठेच नव्हती. मग मी एकेकाला वेगळा फोन करून बारीक प्रश्न विचारायला लागले. बाई वर्गात आल्यावर पहिलं काय करायच्या? चिडल्या की आवाज चढायचा की उतरायचा? डबा कोणाबरोबर खायच्या? तुला कधी मारलं का, कशावरून? तुझ्या वहीवर त्यांनी लाल पेनाने लिहिलेलं एखादं वाक्य आठवतं का? आणि मग काय काय निघालं. आई चिडली की हळू बोलायची, इतकं हळू की मागच्या बाकावरचे कान टवकारायचे, हे तीन जणांनी वेगवेगळं सांगितलं. पावसाळ्यात जेलरोडहून भिजत येणाऱ्या एका पोराला ती रोज ऑफिसमध्ये पाठवायची खडू आणायला, आणि खडू वर्गात असायचेच, तिथे शिपायाकडे टॉवेल ठेवलेला असायचा. त्या माणसाला हे दहावी झाल्यावर कळलं. चाळीस वर्षांचा माणूस फोनवर रडत होता.

बोलणं रेकॉर्ड करा, पण विचारून करा. आणि उतरवून काढताना त्यांची भाषा सुधारू नका, कोणी "बाई लय कडक व्हत्या" म्हणाला असेल तर तसंच लिहा. फोनच्या व्हॉइस टायपिंगवर मराठी बऱ्यापैकी उतरतं, नंतर ऐकून दुरुस्त करायचं. रागाच्या आठवणी पण घ्या. एकीने सांगितलं की बाईंनी माझ्यावर चोरीचा आळ घेतला होता, चुकीचा, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गासमोर माझी माफी मागितली. मी ते पुस्तिकेत घ्यावं की नाही म्हणून दोन रात्री विचार केला. घेतलं. आई चुकली होती आणि आईने माफी मागितली होती, दोन्ही तिचंच आहे.

चर्चच्या माणसांना वेगळे प्रश्न विचारावे लागतात. ती कुठल्या बाकावर बसायची, कुठलं गाणं सुरू झालं की पुस्तक बंद करायची, हरेगावच्या मतमाऊलीच्या (मरिया मातेच्या) यात्रेला जाताना बरोबर काय न्यायची. सप्टेंबरमध्ये 8 तारखेच्या आसपास ती यात्रा असते आणि आई एकही वर्ष चुकवायची नाही, हे मला माहीत होतं. पण दरवर्षी जाताना ती पिशवीत वर्गाच्या हजेरीची नक्कल नेते हे मला तिच्या बरोबर जाणाऱ्या मावशींनी सांगितलं.

मग मला माळेच्या डबीतला कागद कळला. आई गेल्यावर तिच्या डबीत एक घडी घालून घालून कापडासारखा मऊ झालेला कागद मिळाला होता, त्यावर नुसते आकडे, 1 ते 10, खाली 11 ते 20, असे पाच ओळींत 50 पर्यंत, आणि खाली वेगळे 51 ते 58. माळेत पाच दशकं, प्रत्येक दशकात नमो मरिया ही प्रार्थना दहा वेळा. ते हजेरी नंबर होते. एका मण्याला एक पोर. मावशी म्हणाल्या, उरलेले आठ ती शाळेत चालत जाताना म्हणायची. कागदावर 17 आणि 34 ला पेन्सिलने गोल केलेला आहे, ती पोरं कोण ते मला अजून शोधता आलेलं नाही.

हा कागद मी कचऱ्यात टाकणार होते. म्हणून हात जोडून सांगते, पहिलं वर्षभर आईची कपाटं, डबे, पर्स, बायबल आवरू नका. बायबलमध्ये खुणेला घातलेली तिकिटं, लग्नपत्रिकेचे तुकडे, ज्या पानावर सापडले त्या पानाचा फोटो काढून मगच हलवा.

फोनचं मात्र उलट आहे, तिथे उशीर करू नका. तिचं सिम रिचार्ज न करता पडलं तर तीन महिन्यांनी नंबर बंद होऊ शकतो आणि पुढे दुसऱ्या कोणाला जातो, व्हॉट्सअॅपचं खातं साधारण 120 दिवस वापरलं नाही की डिलीट होतं. आधी तिचे सगळे चॅट एक्स्पोर्ट करा, व्हॉइस नोटसकट. माझ्याकडे आईचा आवाज म्हणून जे आहे ते सगळं असलं आहे, येताना बिटकोवरून मेथी आण, जुडी बघून घे, मागच्या वेळी पिवळी आणलीस. बावीस सेकंद. तिला शिकवताना कोणी कधी रेकॉर्ड केलं नाही.

जुने वर्गाचे फोटो खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद करून काढा. फोटो ग्रुपवर टाकून कोण कोण आहे ते नंबर घालून विचारा. शाळेतून काही हवं असेल तर मुख्याध्यापकांच्या नावे साधा अर्ज द्या, नुसतं तोंडी विचारलं तर फेऱ्या माराव्या लागतात.

पुस्तिका करायची असेल तर पानं चारच्या पटीत ठेवा, मधोमध पिन मारायची असते म्हणून. आमची 28 पानांची झाली. आणि प्रूफ कागदावर बघा, मोबाइलवर नाही. आपण युनिकोडमध्ये टाइप करून देतो, बरेच छापखाने मजकूर जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेतात आणि त्यात रफार आणि जोडाक्षरं इकडची तिकडे होतात. आमच्या कव्हरवर "प्रार्थना"चं "प्राथर्ना" छापून आलं, तीनशे प्रती. ज्या बाईने आयुष्यभर रफाराला लाल गोल केला तिच्या पुस्तिकेवर. मी आणि माझ्या वहिनीने रात्री बसून तीनशे कव्हरवर शब्दाची पट्टी चिकटवली. मजकूर पाठवताना पीडीएफ पण पाठवा आणि छापायच्या आधी एक प्रत मागून घ्या.

शाळेत बाईंच्या नावे बक्षीस ठेवायचं सगळ्यांच्याच मनात येतं. मोठ्या रकमेच्या घोषणा करू नका, दोन वर्षांनी कोणी विचारत नाही. पन्नास हजारांची एफडी केली तर सहा टक्क्यांनी वर्षाला तीन हजार येतात, त्यात जूनमध्ये शाळा उघडताना आठ दहा पोरांच्या वह्या आरामात होतात. आम्ही वह्याच घेतल्या, पहिल्या आलेल्याला नाही तर वर्गशिक्षक सांगतील त्याला. पहिल्या नंबराची काळजी आईने कधी केली नव्हती.

राहिलं कबरीचं. 2 नोव्हेंबरला मृतांचा दिवस असतो, त्या दिवशी फादर कबरस्तानात येऊन आशीर्वाद देतात, वेळ चर्चमध्ये विचारून घ्या. साफसफाई आणि चुना आठ दिवस आधी उरका, नंतर माणूस मिळत नाही. शेवंती आदल्या दिवशी घ्या. नोव्हेंबरची संध्याकाळ, वारं असतं, उघडी मेणबत्ती टिकत नाही, जाड काचेचे ग्लास न्या आणि तळाला थोडी वाळू टाका म्हणजे पडत नाहीत. मेणबत्त्या मोजून नेऊ नका. गेल्या वर्षी घरच्यांपुरत्या सहा नेल्या होत्या आणि विद्यार्थीच अकरा आले, त्यातल्या तिघांकडे तर काडेपेटीपण नव्हती, नुसते हात जोडून उभे. ह्या वर्षी दोन डझन आणून ठेवल्यात.