हरणाच्या शिकारीसाठी ठासणीच्या बंदुकीचा बार : हंगामापूर्वीची तयारी

पेन्सिल्व्हेनियात ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासून भरायच्या, बंदुकीने हरणाची शिकार करण्याचे दोन हंगाम आहेत आणि दोन्हींना एकच दारूगोळा चालत नाही, हे तयारीला लागण्यापूर्वी ध्यानात घ्यावे. ऑक्टोबरच्या मध्यास शिंगे नसलेल्या हरणांसाठी जो आठवडाभराचा हंगाम असतो, त्यात टोपीवर (स्फोटक भरलेल्या लहानशा धातूच्या टोपणावर) उडणारी जुन्या घडणीची बंदूक चालते आणि दुर्बीण बसवलेली आधुनिक इनलाइन, म्हणजे नळीच्या थेट मागून दारू पेटवणारी, बंदूकही चालते. नाताळनंतरचा हंगाम मात्र १९७४ पासून केवळ चकमकीच्या, म्हणजे खड्याच्या ठिणगीने पेटणाऱ्या, बंदुकीसाठी राखून ठेवलेला आहे. बंदूक १८०० पूर्वीच्या घडणीची किंवा तिची प्रतिकृती असावी लागते, दुर्बीण चालत नाही आणि नळी .४४ कॅलिबरपेक्षा (कॅलिबर म्हणजे नळीचा इंचातील व्यास) लहान चालत नाही. म्हणून तयारीचे पहिले काम दुकानात जाण्याचे नसून, ज्या राज्यात आणि ज्या हंगामात शिकार करायची त्या वर्षाची नियमपुस्तिका वाचण्याचे आहे. कोलोरॅडोच्या ठासणीच्या हंगामात हरणासाठी किमान .४० कॅलिबरची नळी लागते, प्लास्टिकच्या सॅबोत, म्हणजे गोळीभोवतीच्या कवचात, बसवलेली गोळी चालत नाही आणि दारूच्या घडीव वड्याही चालत नाहीत. शेजारच्या राज्यात वर्षानुवर्षे वापरलेला बार (दारू आणि गोळी यांची जोडणी) तेथे बेकायदा ठरतो. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिसे पूर्णपणे वर्ज्य आहे, त्यामुळे तेथे निवड तांब्याच्या गोळ्यांपासूनच सुरू होते.

नोकरी वा शिक्षणाच्या तात्पुरत्या व्हिसावर अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांनी या टप्प्यावर एक गोष्ट अधिक तपासावी. संघराज्याचा कायदा अशा व्यक्तींना बंदूक आणि दारूगोळा बाळगण्यास मनाई करतो, आणि वैध शिकार परवाना हा त्या मनाईला असलेला अपवाद आहे. ठासणीच्या पुष्कळशा बंदुका कायद्याच्या व्याख्येत जुनी शस्त्रे म्हणून बाजूला राहतात, पण सगळ्या राहत नाहीत, आणि राज्यांचे कायदे आणखी निराळे असतात. म्हणून शिकारी प्रशिक्षणाचा वर्ग आणि परवाना आधी, खरेदी नंतर, हा क्रम मोडू नये. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाची शिकार बंद आहे आणि कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक बाळगणाऱ्यालाही त्या परवान्याच्या आधारे हरणावर बार टाकता येत नाही, तेव्हा पुढील सारे विवेचन अमेरिकेपुरते आहे.

नियम कळल्यावर नळी पाहावी. गोळी कोणती घ्यायची याचे उत्तर बव्हंशी नळीच्या आतील चऱ्यांच्या पिळात असते आणि जाहिरातीत ते कधीच सापडत नाही. चऱ्यांचा एक पूर्ण वेढा ६० किंवा ६६ इंचांत होत असेल तर ती सावकाश पिळाची नळी चिंधीत गुंडाळलेल्या गोल गोळीसाठी घडवलेली आहे. २८ इंचांत वेढा पूर्ण होत असेल तर ती लांबट गोळी आणि सॅबो यांसाठी आहे, आणि तिच्यातून गोल गोळी नेमकी मारण्याचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. ४८ इंचांचा पीळ ही तडजोड आहे. अशा नळीतून गोल गोळी आणि आखूड, जाड शंक्वाकृती शिशाची गोळी दोन्ही बऱ्यापैकी जातात, पण कोणती अधिक चांगली जाते हे प्रत्येक बंदुकीगणिक वेगळे निघते. पिळाचा आकडा नळीवर कोरलेला नसेल तर उत्पादकाच्या पुस्तिकेत मिळतो, आणि पुस्तिका नसेल तर ठासण्याच्या गजाला घट्ट चिंधी लावून तो नळीत सरकवावा आणि किती इंचांत गजाचा एक फेरा होतो ते मोजावे.

अंतराचा विचार याच वेळी प्रामाणिकपणे करून टाकावा. पेन्सिल्व्हेनियाच्या दाट झाडीत पांढऱ्या शेपटीचे हरिण पुष्कळदा पन्नास यार्डांच्या आतच दिसते. पश्चिमेकडील मोकळ्या रानात परिस्थिती उलट असते. गोल गोळी आकारामुळे हवेत फार लवकर मंदावते. .५० कॅलिबरच्या बंदुकीत वापरली जाणारी .४९० इंच व्यासाची शुद्ध शिशाची गोळी सुमारे १७७ ग्रेन, म्हणजे साडेअकरा ग्रॅम भरते. ती सेकंदाला १८०० फुटांच्या वेगाने नळीतून निघाली तरी शंभर यार्डांवर तिचा वेग अकराशे फुटांच्या आसपास उतरलेला असतो आणि ऊर्जेचा जेमतेम तिसरा हिस्सा उरतो. तरीही ही गोळी हरिण स्वच्छ मारते, कारण ती मुळातच रुंद आणि मऊ असते. माझ्या मते चकमकीच्या बंदुकीने गोल गोळी मारणाऱ्याने पाऊणशे यार्ड ही आपली सीमा मानावी आणि त्यापलीकडचे हरिण जाऊ द्यावे. इनलाइन बंदुकीतून २५० किंवा ३०० ग्रेनची सॅबोतील गोळी शंभर-दीडशे यार्डांपर्यंत पुरेशी ताकद राखते, पण दीडशे यार्डांवर हरणाच्या छातीतील वीतभर जागेत प्रत्येक गोळी घालता येत असेल तरच त्या ताकदीचा उपयोग.

गोळीची निवड येथून सोपी होते. गोल गोळी घेणाऱ्याने शिसे शुद्ध असल्याची खात्री करावी. नखाने ओरखडा उठला तर ते पुरेसे मऊ आहे असे समजावे. गोळीचा व्यास नळीपेक्षा शंभरांश इंचाने लहान, आणि उरलेली पोकळी भरण्यासाठी घट्ट विणीची सुती चिंधी, साधारण पंधरा सहस्रांश इंच जाडीची, ही .५० कॅलिबरसाठी सुरुवातीची जोडी होय. कापड सुतीच हवे, कारण कृत्रिम धाग्याचे कापड नळीत वितळते. वंगण चरबी आणि मेण यांचे, किंवा दुकानात तयार मिळणारे वनस्पतिजन्य घ्यावे. पेट्रोलियमपासून केलेले ग्रीस काळ्या दारूबरोबर जळून डांबरासारखा थर धरते. लांबट शंक्वाकृती गोळ्या चिंधीशिवाय जातात आणि त्यांचे वजन गोल गोळीच्या दुपटीपर्यंत जाते, त्यामुळे त्या खोलवर शिरतात. मात्र त्या नळीत सैल बसत असतील तर बंदूक तोंड खाली करून चालताना दारूवरून पुढे सरकण्याचा धोका असतो. सॅबोच्या बाबतीत उलट अडचण येते, कारण थंडीत प्लास्टिक ताठरते आणि उन्हाळ्यात मैदानावर सहज उतरलेली गोळी डिसेंबरात गजाला दाद देत नाही. गोळी, सॅबो आणि नळी यांचे माप जुळते का हे म्हणूनच थंडीच्या दिवशीही पाहून घ्यावे.

सॅबोसाठी निवडायच्या गोळ्यांत तांब्याची आणि शिशाची असा भेद राहतो. गोळीतील शिशाचे कण मांसात उतरतात आणि टाकून दिलेल्या आतड्यांतून गिधाडे-गरुडांच्या पोटात जातात. कॅलिफोर्नियाच्या बंदीमागे काँडोर हा महाकाय गिधाडवर्गीय पक्षी वाचवण्याची धडपड होती. ठासणीच्या मंद, मऊ गोळीचे तुकडे वेगवान रायफलच्या गोळीपेक्षा कमी होतात हे खरे असले, तरी घरात लहान मुले ते मांस खाणार असतील तर इनलाइन बंदुकीला तांब्याची गोळी लावणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. ती तेवढ्याच वजनाच्या शिशाच्या गोळीपेक्षा लांब असते, म्हणून जलद पीळ तिला लागतोच.

दारूकडे वळताना एक नियम सर्वांच्या वर ठेवावा. ठासणीच्या बंदुकीत आधुनिक धूरविरहित दारू कधीही घालू नये. त्या दारूसाठीच खास घडवलेल्या मोजक्या बंदुका सोडल्या तर त्या दाबाने नळी फुटते आणि हात, डोळे वा जीव जातो. चकमकीच्या बंदुकीला खरी काळी दारूच हवी, कारण पायरोडेक्ससारख्या पर्यायी दारू पेटण्यास जास्त तापमान लागते आणि ठिणगीने त्या भरवशाने पेटत नाहीत. काळी दारू कायद्याने स्फोटक समजली जाते, त्यामुळे थोडीच दुकाने ती ठेवतात. हंगामाच्या तोंडावर शोधाशोध करण्यापेक्षा उन्हाळ्यातच मागवून ठेवावी. दाणा निवडताना .५० आणि त्यावरील नळीसाठी जाड दाण्याची टू-एफ, लहान नळीसाठी बारीक थ्री-एफ, आणि रंजकाच्या, म्हणजे ठिणगी झेलणाऱ्या दारूच्या, वाटीसाठी सर्वांत बारीक फोर-एफ ही रूढ वाटणी आहे. इनलाइन बंदुकीसाठी पायरोडेक्स, ट्रिपल सेव्हन आणि ब्लॅकहॉर्न टू-ओ-नाइन हे प्रचलित पर्याय आहेत. त्यांतील ब्लॅकहॉर्न सर्वांत कमी घाण धरते, पण तिला शॉटगनचा २०९ क्रमांकाचा जोरदार प्रायमर (पेटवणारी टोपी) आणि तिला साजेसा ब्रीच-प्लग, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारे बूच, लागतो.

येथे मापाचा घोटाळा होतो आणि तो महागात पडू शकतो. काळी दारू आणि तिचे पर्याय आकारमानाने मोजतात. मापट्यावर ९० ग्रेन लिहिले असले तर ते तेवढ्या आकारमानाच्या काळ्या दारूचे वजन असते, आणि पायरोडेक्स किंवा ब्लॅकहॉर्न त्याच मापात हलकी भरते. ब्लॅकहॉर्नचे शंभराचे माप तराजूवर सुमारे सत्तर ग्रेन दाखवते. हलकी भरली म्हणून वजनाचे शंभर पुरे करणे म्हणजे बार कमालीच्या वर नेणे. ट्रिपल सेव्हन त्याच मापात काळ्या दारूपेक्षा जोरकस असल्याने सुमारे पंधरा टक्के कमी घ्यावी, असे तिचे उत्पादकच सांगतात. पन्नास ग्रेनच्या तीन वड्या ठासून दीडशेचा बार करण्याची जी फॅशन आहे, तिचा हरणाला काही उपयोग नाही. खांद्याला धक्का, नळीत घाण आणि नेमात ढिलाई एवढेच पदरी पडते. गोल गोळीला सत्तर ते नव्वद आणि सॅबोला ऐंशी ते शंभर ग्रेन पुष्कळ झाले, अर्थात आपल्या बंदुकीच्या पुस्तिकेतील कमाल मर्यादेच्या आत राहूनच.

हे सारे जमवून झाल्यावर निवड खऱ्या अर्थाने चांदमारीच्या मैदानावर होते, आणि त्यासाठी सप्टेंबरपर्यंत वेळ राखावा. कमी बारापासून आरंभ करावा, पाच-पाच ग्रेन वाढवावेत, प्रत्येक मापाला तीन गोळ्या झाडाव्यात आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी; गोळी, चिंधी आणि दारू एकदम बदलली तर सुधारणा कशामुळे झाली ते कळत नाही. गोल गोळी वापरणाऱ्याने झाडलेली चिंधी बंदुकीपुढे काही यार्डांवरून शोधून आणावी, कारण ती नळीतील सारी हकीकत सांगते. मधोमध जळून भोक पडले असेल तर वंगण कमी किंवा दारू जास्त झाली, कडेने चिरली असेल तर नळीच्या तोंडाची धार बोचते किंवा जोडी फार घट्ट आहे, आणि नुसती काळवंडून अखंड राहिली असेल तर त्या जोडीला हात लावू नये. प्रत्येक गोळीनंतर ओलसर आणि मग कोरडी चिंधी नळीतून फिरवावी. स्वच्छ नळीतून पहिली गोळी कोठे लागते हे वेगळे टिपून ठेवावे, कारण रानात हरणावर झाडली जाते ती तीच.

योग्य बार ठरला की तो ठासलेला असताना नळीच्या तोंडाशी गजावर कायमची खूण करावी, आणि रिकाम्या नळीसाठी दुसरी. पहिल्या खुणेवरून गोळी दारूला टेकली आहे की मध्ये पोकळी राहिली हे समजते, आणि पोकळी राहिलेला बार नळीला फुगवटा आणतो किंवा ती फोडतो. दुसऱ्या खुणेवरून बंदूक भरलेली आहे की रिकामी हे कळते आणि चुकून दुहेरी बार पडत नाही. दारू शिंगातून किंवा डब्यातून थेट नळीत कधीच ओतू नये, मापट्यातूनच ओतावी, कारण नळीत निखारा राहिला असेल तर हातात सबंध डबा असतो.

पेटवण्याच्या सामानावर फार शब्द खर्च करण्याचे कारण नाही. टोप्या निपलच्या (टोपी जिच्यावर बसते त्या छोट्या नळीच्या) मापाच्या, दहा किंवा अकरा क्रमांकाच्या, घ्याव्यात आणि बोटाने दाबून घट्ट बसतात का ते पाहावे. चकमकीचे दोन-तीन खडे कातड्यात धरून बसवण्याच्या तयारीत ठेवावेत आणि रंजकाची वाटी काठोकाठ भरू नये. विमानाने जाणाऱ्याने मात्र लक्षात ठेवावे की काळी दारू आणि टोप्या हातातील सामानातही चालत नाहीत आणि चढवलेल्या सामानातही नाहीत. त्या मुक्कामी विकत घेण्याची सोय आधी पाहावी लागते.

निघण्याच्या आदल्या दिवशी ठरलेल्या मापाचे तीन बार झाकणाच्या नळ्यांत वेगवेगळे भरावेत, त्यांच्यासोबत गोळ्या, चिंध्या, टोप्या, निपल साफ करण्याची सुई, नळीत अडकलेली गोळी ओढण्याचा स्क्रू आणि कोरड्या चिंध्यांची पुडी एकाच पिशवीत ठेवावी. सकाळी ठासण्यापूर्वी नळीतील तेल पुसून काढावे आणि दोन टोप्या मोकळ्या उडवून वाट कोरडी करावी, कारण पहिला बार न उडण्यामागे बहुधा तेल असते. पाऊस असेल तर चकमकीच्या बंदुकीच्या खटक्यावर मेणकापडी किंवा कातडी टोपण लागते, आणि थंडीतून गरम घरात आणलेल्या नळीला आतून दव सुटते, म्हणून मुक्कामात बंदूक टोपी किंवा रंजक काढून बाहेर थंड पण कुलूपबंद जागी ठेवणारे पुष्कळ आहेत. चाप ओढूनही बार उडाला नाही तर तोंड निशाणाच्या दिशेलाच धरून किमान मिनिटभर थांबावे. शिकार न होता दिवस मावळला तर भरलेला बार सुरक्षित, मऊ जमिनीत सोडावा किंवा गॅसच्या नळकांडीने बाहेर ढकलावा, आणि त्याच संध्याकाळी नळी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून तेलाचा हात द्यावा. काळ्या दारूची राख हवेतील ओल शोषते आणि एका रात्रीत गंज धरते, तेव्हा दुसऱ्या दिवशी पुन्हा एक पांढरी चिंधी नळीतून फिरवून तिच्यावर तांबूस डाग येतो का ते पाहावे.