ब्रँडेनबर्ग ५ चं अ‍ॅनालिसिस करताय? मग या चुका टाळा

लहानपणी पेटी शिकलेला माणूस वेस्टर्न थिअरीच्या परीक्षेला बसला की त्याची पहिली चूक ठरलेली, सा धरून बसणं. मी पण तेच केलं. बाखच्या ब्रँडेनबर्ग कॉन्चेर्टो नंबर ५ ची पहिली मूव्हमेंट (म्हणजे पहिला भाग) लावली, पेटीवर सूर जुळवून बघितला तर काळी एक! डी मेजर म्हणजे पांढरी दोन पाहिजे ना, पण मी कानावर विश्वास ठेवून सी शार्प लिहून मोकळा. गडबड अशी की जुन्या वाद्यांवर वाजवणारे ग्रुप बरेचदा ए ४१५ हर्ट्झला लावतात, आपला नेहमीचा ४४०, त्यामुळे सगळं अर्धा सूर खाली ऐकू येतं. की, म्हणजे रचनेचा मूळ सूर, ठरवायची ती स्कोअर (लिहिलेलं नोटेशन) बघूनच.

दुसरी चूक पण त्याच सा ची. मधे जी शार्प आला की आपण लगेच तीव्र म, यमन वगैरे म्हणायला लागतो. तसं नाहीये, इथे सा स्वतःच घर बदलतो, डी सोडून ए वर गेला की तोच जी शार्प नव्या सा चा शुद्ध नी होतो. शंका आली तर बेस, म्हणजे सगळ्यात खालची ओळ, बघा, ए वर येऊन टेकतोय का.

रिटोर्नेलोला, म्हणजे सगळ्यांनी मिळून वाजवायच्या परत परत येणाऱ्या चालीला, मुखडा म्हणणं सुरुवातीला सोपं जातं पण नंतर फसायला होतं, कारण मुखडा त्याच सुरांवर परत येतो आणि हा मधे तुकड्या-तुकड्यांत, वेगवेगळ्या कीमध्ये डोकावतो. पूर्ण रिटोर्नेलो परत हवा असेल तर थेट बार (नोटेशनमधला एक खण) २१९ ला जा, मूव्हमेंट २२७ ला संपतेच. मधे हरवलात तर सेमीक्वेव्हरमध्ये (पाव मात्रेच्या सुरांत) प्रत्येक सूर दोनदा वाजवत जाणारी व्हायोलिनची चाल कानात ठेवा, ती आली की टुटी, म्हणजे सगळ्यांनी मिळून वाजवायचा भाग, आलं.

हार्प्सिकॉर्डबद्दल (पियानोसारखं पट्ट्यांचं जुनं वाद्य) "साथ करतो" एवढंच लिहिलं तर अर्धे मार्क गेले. टुटीत तो फिगर्ड बेसवरून, म्हणजे खालच्या ओळीवर लिहिलेल्या आकड्यांवरून, कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) भरतो हे खरं, पण फ्लूट आणि व्हायोलिनबरोबर तोच सोलोइस्टही आहे, आणि बार १५४ पासून ६५ बार तर बाकी सगळे गप्प, हा एकटा! त्याला इम्प्रोव्हायझेशन म्हणू नका हं, बाखने सूर न् सूर लिहून ठेवलाय. "क्रेसेंडो", म्हणजे आवाज हळूहळू वाढवणं, हे पण लिहू नका. या वाद्याची पट्टी जोरात दाबली म्हणून आवाज वाढत नाही, तार छेडली जाते, बस. मग चढत गेल्यासारखं का वाटतं? कारण सूर दाट होत जातात, सेमीक्वेव्हर, मग त्याच्या दुप्पट वेगाच्या डेमीसेमीक्वेव्हरचा नुसता पाऊस, आणि शेवटाकडे खाली ए धरून ठेवलेला असतो, म्हणजे आपला प, त्यामुळे कधी एकदा डी येतोय असं होतं. उत्तरात हेच लिहायचं, बार नंबर टाकून.

आणि वाद्यांची यादी पाठ म्हणू नका. या कॉन्चेर्टोच्या रिपिएनोत, म्हणजे सोलोइस्ट सोडून बाकीच्या वादकांत, व्हायोलिन एकच आहे, सेकंड व्हायोलिन नाहीच. मी तर त्या नसलेल्या सेकंड व्हायोलिनच्या काउंटर-मेलडीवर (मुख्य चालीसोबतच्या दुसऱ्या चालीवर) दोन ओळी लिहून आलो होतो.