जुन्या दाराच्या चौकटीतून घरच्या घरी बाक

साताऱ्याच्या पेठांमधला एखादा वाडा पाडायला घेतला की त्याच्या चौकटी, तुळया, कडीपाटाच्या फळ्या टेम्पोत भरून जुन्या लाकडाच्या वखारीत येऊन पडतात. घरी लाकडी फर्निचर करायचंय आणि बजेट बेताचं आहे, असं कुणी म्हटलं की मी आधी वखारीत जायला सांगते. हत्यारं, डिझाइन, पॉलिश हे सगळं नंतर. स्वस्तात चांगलं फर्निचर व्हायचं तर लाकूड आधी मिळवायचं आणि त्याच्या मापातून वस्तू ठरवायची. कागदावर आधी डिझाइन काढून त्या मापाचं लाकूड शोधत हिंडलात तर खर्च वाढतोच.

नवा साग महाग आहेच, पण अडचण नुसत्या पैशांची नाही. बाजारात मिळणारं लाकूड पुष्कळदा पुरतं वाळलेलं नसतं. उघड्या हवेत लाकूड वाळायला दर इंच जाडीला साधारण वर्ष लागतं. वाड्याच्या चौकटीने मात्र कित्येक पावसाळे आणि उन्हाळे काढलेले असतात. तिला जेवढं वाकायचं असतं तेवढं ती वाकून झालेली असते. प्लाय वाईट असं मी म्हणणार नाही, कपाटाला तो बराच. पण त्याच्या कडा पट्टी लावून झाकाव्या लागतात आणि कधी रंधून नव्या करता येत नाहीत.

पहिल्यांदा करताय तर बाक करा. दाराची एक अख्खी चौकट म्हणजे एक बाक, इतका सरळ हिशेब आहे. चौकट चार बाय तीन इंचांची, उभे खांब सात फुटांचे आणि वरचं-खालचं आडवं लाकूड चार फुटांच्या आसपास, अशी बघा. प्रत्येक उभ्या खांबाचे दोन तुकडे करायचे, एक चार फुटांचा आणि एक तीन फुटांचा. चार फुटांचा तुकडा उभा चिरला की बैठकीच्या दोन फळ्या निघतात. तीन फुटांच्या तुकड्यातून दोन पाय. असे दोन खांब मिळून चार फळ्या, चार पाय. वरच्या आडव्या लाकडातून पाय एकमेकांना जोडायच्या दोन लांब पट्ट्या आणि उंबऱ्याच्या लाकडातून आखूड पट्ट्या. दार बसायला चौकटीत जी खाच असते तिच्यामुळे तीन इंचांतला अर्धा इंच जातो, तो आधीच धरून चाला.

वखारीत भाव घनफुटावर चालतो. जाडी इंचात, रुंदी इंचात, लांबी फुटात, तिन्हींचा गुणाकार करून 144 ने भागा. चार बाय तीनचा सात फुटी खांब म्हणजे 84 भागिले 144, जवळपास 0.58 घनफूट. अख्खी चौकट पावणेदोनच्या थोडी वर जाते. हा हिशेब स्वतः करूनच पैसे द्या. भाव गावागणिक बदलतो. माझा बाक लाकूड, चिराई, फेविकॉल आणि तेल धरून पाच हजारांच्या आत झाला. हत्यारं यात धरलेली नाहीत.

लाकूड निवडताना टोकं बघा. चौकटीचे खालचे टोक ओलीने किंवा वाळवीने खाल्लेलं असू शकतं. स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा, तो सहज आत गेला तर तेवढा भाग वजा करून पैसे ठरवा. बारीक भोकं असतील आणि ठोकल्यावर पिठासारखी भुकटी पडत असेल तर भुंगा अजून आत आहे, ते लाकूड घरात आणू नका. आंब्याच्या लाकडाला हा त्रास फार. रंग असेल तर जास्त जपा. घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 2017 मध्ये अमलात आली. वाड्याच्या दारांवरचे थर त्याच्या कितीतरी आधीचे. ते कोरडे घासू नका. ओले करून खरवडा, मास्क लावा, पोरांना लांब ठेवा आणि खरवड गोळा करून पिशवीत बांधून टाका.

वखार जवळ नसेल तर कारखान्यांतून निघणारे पाइनचे पॅलेट (माल ठेवायच्या लाकडी चौकटी) घ्या. त्यांच्यावर छाप असतो. 'एचटी' म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेली, ते चालतात. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली, ते घरात नकोत.

चिराईला सॉ मिलवर जाण्याआधी एक-एक खिळा काढा. जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक लाकडावरून सावकाश फिरवा. मोडून आत राहिलेला खिळा जिथे असतो तिथे हाताला ओढ जाणवते. पातं खिळ्याला लागलं तर मिलवाल्याचं नुकसान होतंच, आणि माणसाला इजाही होऊ शकते. चिरलेलं लाकूड घरी आणल्यावर दोन-तीन आठवडे एकावर एक, मध्ये पट्ट्या घालून ठेवा. आतला नवा भाग उघडा पडलेला असतो, त्याला घरातल्या हवेची सवय होऊ द्या.

हत्यारं थोडीच लागतात: करवत, रंधा, तीन सुताची (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) आणि एक इंची पटाशी (लाकूड तासायची छिन्नी), गुण्या (काटकोन तपासायचा), लाकडी मोगरी (हातोडी), ड्रिल मशीन आणि धार लावायला ऑइलस्टोन. रंधा आणि पटाश्या जुन्या बाजारात घेतल्या तरी चालतं, पातं गंजून खड्डे पडलेलं नसावं एवढंच. धार मात्र खरी हवी. पटाशीने लाकडाच्या आडव्या टोकावरून कागदासारखा पापुद्रा निघाला पाहिजे. बोथट हत्याराला जोर लावावा लागतो आणि जोर लावताना ते सटकून हातात घुसतं. रंधताना मास्क लावा, सागाची धूळ पुष्कळांना बाधते.

रंधून झाल्यावर मापं अशी ठेवा. फळ्या चार फूट लांब, साडेतीन इंच रुंद, एक इंच जाड. पाय सव्वादोन इंच चौरस, साडेसोळा इंच उंच. पट्ट्या तीन इंच रुंद, एक इंच जाड. लांब सव्वाबेचाळीस, आखूड सव्वानऊ. यात दोन्ही टोकांची कुसवं, म्हणजे पायाच्या भोकात बसणारी पट्टीची बारीक केलेली टोकं, धरली आहेत. बैठक साडेसतरा इंचांवर येते.

आता पायाला भोक पाडायचं. या कामाला घाई चालत नाही, आणि बाक किती वर्षं टिकणार हे इथेच ठरतं. भोक तीन सूत रुंद, पायाच्या बरोबर मध्ये. पायाच्या वरच्या टोकापासून अर्धा इंच सोडून दोन इंच लांब. आखणी पेन्सिलीने न करता सुरीने करा, म्हणजे पटाशीचं टोक त्या चिरेत अडकून बसतं आणि सरकत नाही. आधी ड्रिलने शेजारी-शेजारी भोकं पाडून गाळा मोकळा करा, मग पटाशीने भिंती सरळ करा. खोली सात सूत. ड्रिलच्या बिटला तेवढ्यावर टेप चिकटवा. पूर्ण इंच गेलात तर शेजारच्या बाजूचं भोक आत येऊन भिडतं आणि पाय तिथे कमजोर होतो. कुसू भोकाहून किंचित जाड कापा आणि पटाशीने तासत तासत बसवा. हाताने दाबल्यावर अर्धं जावं, उरलेलं मोगरीच्या हलक्या ठोक्याने. सैल कुसवात फेविकॉल ओतून जोर येत नाही.

फेविकॉलमध्ये गॅलरीसाठी मरीन घ्या. साग तेलकट असतो, म्हणून चिकटवायच्या जागा थिनरने पुसून लगेच जोडा. क्लॅम्प महाग असतात. त्यांच्याऐवजी सांगाड्याभोवती नायलॉनची दोरी दुहेरी बांधा, मध्ये काठी घालून पिळा आणि काठी पट्टीला अडकवा. त्याच वेळी दोन्ही कर्ण मोजा. सारखे आले तर सांगाडा काटकोनात आहे. फरक असेल तर लांब कर्णाच्या कोपऱ्यांवर दाब द्या. हे फेविकॉल ओलं असतानाच करायचं. मग रात्रभर हात लावू नका.

फळ्या बसवताना पावसाळा लक्षात ठेवा. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत बदलतं. फूटभर रुंदीची सागाची फळी एप्रिल आणि ऑगस्ट यांच्यात जवळपास एक सूत फुगते. म्हणून मी सलग पाट न करता चार फळ्या घेते आणि मध्ये दोन-दोन सुतांच्या फटी ठेवते. फळ्या चिकटवायच्या नाहीत. आखूड पट्ट्यांना आतून पाऊण इंची पट्टी मारा, बाकाच्या मध्यावर एक आडवी द्या, आणि त्यांतून खालून दीड इंची स्क्रू लावा. पट्टीतलं भोक स्क्रूपेक्षा थोडं मोठं हवं, म्हणजे फळीला सरकायला जागा राहते. फळीत बारीक भोक आधी पाडा आणि स्क्रूला मेणबत्ती घासा, नाहीतर जुन्या सागात स्क्रूची मान तुटते. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच, लोखंडी गंजून काळे डाग पडतात.

80, 120 आणि 180 नंबरचा पॉलिशपेपर लाकडाच्या रेषेच्या दिशेने फिरवा. नंतर दुकानात तयार मिळणारं उकळलेलं (बॉइल्ड) जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन निम्मं-निम्मं करून फडक्याने लावा, पंधरा-वीस मिनिटांनी जादा तेल पुसा, दुसऱ्या दिवशी पुन्हा एक हात. या तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ती आतून तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. दोरीवर मोकळी पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा. हा नियम मी घरात कुणालाही मोडू देत नाही.

पहिला पावसाळा गेला की दिवाळीच्या साफसफाईत बाक उलटा करून स्क्रू एकदा बघा, सैल झाले असतील ते आवळा, आणि तेलाचा आणखी एक हात द्या. पायांच्या तळाला जरा जास्तच तेल लागू द्या, फरशीवरची ओल तिथूनच वर चढते.