परिचारिकेच्या पुरस्कारासाठी नामांकन लिहिताना

पुण्यातील एका मोठ्या रुग्णालयात मेडिसिन वॉर्डाची परिसेविका म्हणून काम करताना मी माझ्याबरोबरच्या सिस्टरांसाठी आजवर चार नामांकने लिहिली. त्यातले पहिले नाकारले गेले आणि त्याची खंत मला आजही वाटते, कारण त्या सिस्टर पुरस्काराला पूर्णपणे पात्र होत्या. कमी पडले ते माझे लेखन. ज्यांनी नुकताच वॉर्डाचा चार्ज घेतला आहे आणि ज्यांच्यावर असे नामांकन लिहिण्याची पहिलीच वेळ आली आहे, त्यांच्यासाठी हा अनुभव लिहीत आहे.

त्या पहिल्या नामांकनाचा आरंभ मी फ्लोरेन्स नाइटिंगेल यांच्या दिव्यापासून केला होता आणि पुढचा परिच्छेद १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना प्राण गमावलेल्या सावित्रीबाई फुले यांच्याविषयी होता. दोघींविषयीचा आदर मनापासूनचा होता, आणि पुण्यात रुग्णसेवेविषयी लिहिताना सावित्रीबाईंची आठवण होणे स्वाभाविकच आहे. मात्र शब्दमर्यादा असलेल्या त्या कागदावर अर्धी जागा या दोघींनी घेतली आणि उरलेल्या जागेत मी ‘सेवाभावी, मनमिळाऊ, वक्तशीर, कष्टाळू’ अशी विशेषणे भरली, जी आमच्या वॉर्डातील कोणत्याही सिस्टरला लागू पडली असती. निवड समितीतील एक ज्येष्ठ अधिसेविका नंतर भेटल्या तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, ‘या बाईंनी नेमके केले काय?’ मी त्यांना दहा मिनिटे सांगत राहिले, आणि त्यातले एकही वाक्य अर्जात नव्हते.

सिस्टरांनी केले होते ते असे. आमच्याकडे अर्धांगवायूचे रुग्ण दीर्घकाळ खाटेला खिळून असतात आणि त्यांची कूस साधारण दर दोन तासांनी बदलली नाही, तर माकडहाड, टाचा, खुबा अशा हाडांवर सतत दाब येऊन तिथला रक्तपुरवठा खुंटतो आणि बेडसोर होतो. हे प्रत्येक परिचारिकेला शिकवलेले असते, तरीही आमच्या वॉर्डात जखमा होत होत्या. सिस्टरांनी काही आठवडे बारकाईने पाहिल्यावर त्यांच्या लक्षात आले, की पाळी बदलताना ओव्हर देण्याच्या, म्हणजे पुढच्या पाळीला रुग्णांची माहिती सांगण्याच्या, घाईत रुग्ण शेवटचा कोणत्या कुशीवर होता हे सांगायचे राहून जाते आणि पुढच्या पाळीत त्याला पुन्हा त्याच कुशीवर वळवले जाते. त्यांनी प्रत्येक अशा खाटेच्या पायथ्याशी घड्याळासारखा एक तक्ता लावला, त्यात वेळेसमोर डावी, उजवी किंवा पाठ अशी खूण करायची पद्धत घातली, आणि रुग्णाला ओढून त्याची कातडी घासू देण्याऐवजी खालच्या चादरीसकट उचलून कसे वळवायचे, हे रात्री सोबत थांबणाऱ्या नातेवाइकांना स्वतः दाखवले. पुढे शेजारच्या दोन वॉर्डांनी तोच तक्ता उचलला.

पुढच्या वर्षी मी हेच लिहिले: अडचण काय होती, ती कोणाच्या लक्षात आली, कोणते पाऊल उचलले आणि त्यानंतर काय बदलले. बदल सांगण्यासाठी जखमांच्या नोंदवहीतील आधीच्या आणि नंतरच्या नोंदी मी स्वतः मोजल्या आणि त्या वरिष्ठांकडून तपासून घेतल्या. ही मोजणी अर्जाची शेवटची तारीख जवळ आल्यावर होत नाही, म्हणून वर्षभर एका वहीत तारखेसह दोन ओळी लिहून ठेवण्याची सवय आतापासूनच लावावी. रुग्णाचे नाव, खाटेचा क्रमांक किंवा केसपेपरचे छायाचित्र अर्जात कधीही जाऊ देऊ नये.

कागदपत्रांविषयी थोडक्यात सांगते. सिस्टरांच्या परिचारिका म्हणून असलेल्या नोंदणीचे नूतनीकरण झाले आहे का, हे सर्वांत आधी पाहावे. उत्तम प्रस्ताव एवढ्या एका कारणाने अडून पडू शकतो. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय फ्लोरेन्स नाइटिंगेल पुरस्काराचा विचार असेल, तर १९७३ पासून दिल्या जाणाऱ्या या पुरस्कारात एएनएम (साहाय्यक परिचारिका-प्रसाविका) आणि एलएचव्ही (त्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्या आरोग्य सहायिका) यांचाही समावेश असतो, हे ध्यानात ठेवावे. मोठ्या रुग्णालयांतील सिस्टरांची नावे चटकन सुचतात, परंतु मुळशी किंवा भोरच्या डोंगराळ भागातील उपकेंद्रावर पावसाळ्यात लसीकरणाची फेरी न चुकवणाऱ्या एएनएमचे नाव कोणीतरी आवर्जून पुढे करावे लागते.

नातेवाइकांच्या पत्राला मी फार महत्त्व देते. अमेरिकेत पॅट्रिक बार्न्स हे वयाच्या ३३ व्या वर्षी गेल्यावर त्यांच्या कुटुंबीयांनी परिचारिकांचे आभार मानण्यासाठी १९९९ मध्ये डेझी ही संस्था स्थापन केली, आणि तिच्या पुरस्कारासाठी रुग्ण व त्यांच्या घरची माणसेही नामांकन करू शकतात. आपल्याकडील अर्जात तशी सोय नसली, तरी पत्र जोडता येत असेल तर जरूर जोडावे, मात्र त्यातील भाषा सुधारू नये. आमच्या अर्जाला जोडलेल्या पत्रात एका मुलाने लिहिले होते, की वडील शुद्धीवर नसतानाही सिस्टर रात्री तीन वाजता ‘बाबा, आता उजवीकडे वळवते हं’ असे सांगूनच त्यांची कूस बदलत असत. माझ्या चार पानांत हे कुठेही आलेले नव्हते.

अर्ज पाठवण्यापूर्वी तो ज्यांचा आहे त्यांना वाचायला द्यावा आणि त्यांची संमती घ्यावी. आमच्या सिस्टरांनी मसुदा दोनदा वाचला आणि पेन्सिलीने एकच दुरुस्ती केली: तक्ता त्यांनी आखला असला, तरी रात्रपाळीत रुग्णांना प्रत्यक्ष वळवण्याचे काम दोन मावशी आणि एक नवी स्टाफ नर्स यांनी त्यांच्याबरोबर केले होते, तेव्हा त्या तिघींची नावे दुसऱ्या परिच्छेदात आलीच पाहिजेत. ती घातल्यावरच त्यांनी सही केली.