कुकी ठेवली, पण पुसली का जात नाही? पीएचपीमधल्या कुकीची रीत, पायरीपायरीने

लॉगआउटचं बटण दाबलं, पान पुन्हा उघडलं, तरी वर कोपऱ्यात वापरकर्त्याचं नाव तसंच. कुकी (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद) पुसणारी ओळ चालली, एररही आली नाही. अशा वेळी दोष बहुधा पुसण्याच्या ओळीत नसतो. ती कुकी मुळात कशी ठेवली होती, त्यात असतो. म्हणून सुरुवात ठेवण्यापासून करू.

उदाहरणं पीएचपी या सर्व्हरवर चालणाऱ्या भाषेच्या ७.३ आणि त्यापुढच्या आवृत्त्यांची आहेत. नियम मात्र ब्राउझरचे आहेत, त्यामुळे नोड, पायथन किंवा जावा वापरणाऱ्यांनाही तेच लागू. फंक्शनांची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. कोडमध्ये ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत लिहायची.

आधी हे डोक्यात पक्कं करा

कुकी सर्व्हरकडे नसते. १९९४ साली नेटस्केपमध्ये लू माँटुली यांनी ही युक्ती काढली, तेव्हापासून व्यवहार तोच आहे. सर्व्हर उत्तरासोबत ‘सेट-कुकी’ हा हेडर, म्हणजे मजकुराआधी जाणारी माहितीची ओळ, पाठवतो. ब्राउझर तो तपासतो, नियमात बसला तर जपून ठेवतो, आणि पुढच्या विनंत्यांसोबत ‘कुकी’ या हेडरमधून परत देतो. परत देताना तो फक्त नाव आणि व्हॅल्यू देतो. मुदत किती, पाथ कोणता (साइटचा कोणता भाग), डोमेन कोणतं (कोणत्या साइटचा पत्ता), यातलं काहीही सर्व्हरकडे परत येत नाही. म्हणजे तुम्हीच ठेवलेली कुकी कोणत्या पाथवर ठेवली होती, हे कोडला विचारून कळत नाही, ते तुम्हाला ठाऊक असावं लागतं. पुसण्याची निम्मी भानगड इथेच आहे.

पायरी १ : पानाचं पहिलं अक्षर जाण्याआधी कुकी लिहा

हेडर आधी जातात, मजकूर नंतर. सेटकुकी हे फंक्शन बोलावण्याआधी एक अक्षर जरी बाहेर पडलं, तरी ‘हेडर्स ऑलरेडी सेंट’ ही वॉर्निंग येते आणि कुकी जात नाही. त्या वॉर्निंगमध्ये कंसात आउटपुट कुठे सुरू झालं त्या फाइलचं नाव आणि ओळ क्रमांक असतो. बरेच जण सेटकुकीच्या ओळीकडेच बघत बसतात. बघायची ती कंसातली ओळ.

तिथे सापडणारे नेहमीचे गुन्हेगार तीन. एक, विसरून राहिलेला एको किंवा व्हार-डंप, म्हणजे पानावर काहीतरी छापणारी ओळ. दोन, इन्क्लूड केलेल्या फाइलच्या शेवटी पीएचपीचा क्लोजिंग टॅग आणि त्यानंतर राहिलेल्या रिकाम्या ओळी. निव्वळ पीएचपी असलेल्या फाइलमध्ये हा टॅग लिहूच नका. तीन, फाइलच्या सुरुवातीचा बीओएम, म्हणजे एडिटरने घातलेले तीन अदृश्य बाइट. मराठी मजकुराची फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करताना ‘विदाउट बीओएम’ हाच पर्याय निवडा.

‘माझ्या मशीनवर चालतं, सर्व्हरवर नाही’ यामागे बहुधा आउटपुट बफरिंग असतं, म्हणजे आउटपुट लगेच न पाठवता थोडं साठवून मग पाठवणं. पीएचपीसोबत येणाऱ्या नमुना आयएनआय (सेटिंगांच्या) फाइलमध्ये ते ४०९६ बाइटांवर असतं, पण आयएनआय फाइलच नसेल तर ते बंद असतं. याहून फसवी गोष्ट म्हणजे बफर चालू असताना पान लहान असेपर्यंत चूक लपून राहते. पुढे कुणीतरी पानात चार परिच्छेद वाढवतो, ४०९६ ची मर्यादा ओलांडली जाते आणि ज्याला कुणी हातही लावला नाही ती कुकी अचानक बंद पडते.

पायरी २ : पर्याय मोघम सोडू नका

सेटकुकीला नाव, व्हॅल्यू आणि तिसऱ्या जागी पर्यायांचा ॲरे द्या. ॲरेच्या कीज सहा: एक्स्पायर्स, पाथ, डोमेन, सिक्युअर, एचटीटीपीओन्ली आणि सेमसाइट.

एक्स्पायर्स म्हणजे १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद. तीस दिवस हवे असतील तर टाइम फंक्शनच्या उत्तरात, म्हणजे आत्ताच्या वेळेत, २५,९२,००० मिळवा. नुसतेच २५,९२,००० दिलेत तर मुदत ३१ जानेवारी १९७० ठरते आणि कुकी जन्मतःच मेलेली असते. नोडच्या एक्स्प्रेस या फ्रेमवर्कमध्ये मॅक्सएज (मुदत) मिलिसेकंदात द्यायचा असतो, त्यामुळे तिथे पीएचपीतला आकडा उचलून टाकला तर महिनाभराची कुकी पाऊण तासात संपते. शून्य दिला किंवा ही की गाळली, तर ती ब्राउझर बंद होईपर्यंतची सेशन कुकी होते. पण मागचे टॅब पुन्हा उघडण्याची सोय चालू असेल तर ब्राउझर अशा कुक्याही परत आणतो, तेव्हा ‘बंद केलं की संपलं’ यावर सुरक्षितता अवलंबून ठेवू नका. दुसऱ्या टोकाला, दहा वर्षांची मुदत मागून उपयोग नाही. क्रोमने २०२२ पासून ४०० दिवसांची कमाल मर्यादा घातली आहे.

पाथ दिला नाही तर ब्राउझर चालू पत्त्यातल्या शेवटच्या स्लॅशच्या आधीचा भाग घेतो. ‘/खाते/लॉगिन’ या पानाने ठेवलेली कुकी ‘/खाते’ पुरतीच राहते, मुखपृष्ठाला ती दिसत नाही. विशेष कारण नसेल तर नेहमी नुसता स्लॅश द्या.

डोमेनचं उलटं आहे. इथे रिकामं सोडणंच बहुतेकदा बरं, कारण मग कुकी फक्त त्याच होस्टला जाते. ‘उदाहरण.इन’ असं लिहून दिलं तर सगळ्या सबडोमेनांना जाते, एखाद्या जुन्या, कुणी न सांभाळलेल्या टेस्ट साइटलाही. ‘को.इन’ एवढंच डोमेन देऊन पाहिलं तर ब्राउझर ती कुकी फेकून देतो, नाहीतर त्याखालच्या सगळ्या साइट एकमेकींच्या कुक्या वाचतील. ‘.भारत’वरच्या देवनागरी डोमेनसाठी इथे त्याचं प्युनीकोड (रोमन अक्षरांतलं) रूप द्यावं लागतं.

सिक्युअर आणि एचटीटीपीओन्ली दोन्ही ट्रू ठेवा. पहिल्याने कुकी फक्त एचटीटीपीएसवरून जाते, दुसऱ्याने ती जावास्क्रिप्टच्या हाती लागत नाही. लोड बॅलन्सरमागे (विनंत्या अनेक सर्व्हरांत वाटणाऱ्या यंत्रणेमागे) असलेल्या सर्व्हरला विनंती बहुधा साध्या एचटीटीपीने पोचते, म्हणून ‘एचटीटीपीएस असेल तरच सिक्युअर’ असा कोड तिथे फसतो. थेट ट्रू लिहा.

दुसऱ्या साइटवरून आलेल्या विनंतीसोबत कुकी पाठवायची का, हे सेमसाइट ठरवतं. त्याला ‘लॅक्स’ चांगला. ‘नन’ (नेहमी पाठवा) हवा असेल तर सिक्युअर सक्तीचं आहे. लॅक्सचा खरा फटका बसतो तो पेमेंट गेटवेवरून परतताना. गेटवे ग्राहकाला पोस्ट प्रकारच्या विनंतीने (फॉर्म पाठवतात तशी) तुमच्या पानावर धाडतो, दुसऱ्या साइटवरून आलेल्या पोस्टसोबत लॅक्स कुकी येत नाही आणि पैसे भरलेला माणूस लॉगआउट दिसतो. एवढ्यावर थांबत नाही. त्या पानाने सेशन-स्टार्ट केलं असेल (म्हणजे वापरकर्त्याची माहिती सर्व्हरवर जपणारं सेशन सुरू केलं असेल) तर सर्व्हर नवं सेशन काढून जुन्या कुकीवर नवी लिहितो आणि माणूस खरोखरच लॉगआउट होतो. उपाय सोपा आहे: परतीच्या पानावर सेशन सुरूच करू नका. गेटवेची सही तपासा, ऑर्डरची नोंद करा आणि ३०३ रीडायरेक्टने पुढच्या पानावर न्या. ते पान ‘गेट’ प्रकारच्या साध्या विनंतीने उघडत असल्याने तिथे कुकी येते.

व्हॅल्यूत काय ठेवावं

थोडं. ब्राउझर एका कुकीला साधारण ४०९६ बाइट देतात, आणि सेटकुकी व्हॅल्यूचं यूआरएल-एन्कोडिंग करतं, त्यात देवनागरीच्या प्रत्येक बाइटाची तीन अक्षरं होतात. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं आणि एन्कोड झाल्यावर नऊ. ‘महाराष्ट्र’ या शब्दात काने आणि हलंत धरून दहा चिन्हं आहेत, कुकीत तो नव्वद बाइट खातो. भाषेची निवड जपायची तर ‘मराठी’ न लिहिता एम-आर हा दोन अक्षरी कोड ठेवा. नावात टिंब टाळा, कारण पीएचपी वाचताना त्याचा अंडरस्कोअर करतं आणि मग ‘कुकी येतच नाही’ म्हणून शोध सुरू होतो.

पासवर्ड, किंमत, ‘ॲडमिन आहे का’ असलं काही कुकीत नको. वापरकर्ता ती डेव्हटूल्समध्ये (ब्राउझरमधल्या तपासणीच्या साधनांत) दोन क्लिकमध्ये बदलू शकतो. काही ठेवावंच लागलं तर हॅश-एचमॅकने गुप्त किल्ली वापरून सही जोडा आणि हॅश-इक्वल्सने तपासा.

पायरी ३ : वाचायची ती पुढच्या विनंतीत

सेटकुकीनंतर लगेच कुकी ॲरेत डोकावलं तर नवी व्हॅल्यू दिसणार नाही. तो ॲरे आलेल्या विनंतीतून भरलेला असतो, आणि तुमची कुकी तर अजून निघायची आहे. सेटकुकीने ट्रू परत केलं म्हणजे हेडर रांगेत लागला एवढंच, ब्राउझरने तो स्वीकारला असं नव्हे. म्हणून ठेवल्यावर रीडायरेक्ट करा, त्यानंतर एक्झिट लिहा, आणि पुढच्या पानावर तपासा.

पायरी ४ : पुसणं म्हणजे जुनी तारीख घालून पुन्हा लिहिणं

‘ही कुकी पुसा’ असा वेगळा हेडर नाही. त्याच कुकीवर मागची तारीख टाकून पाठवायची, ब्राउझर ती काढून टाकतो. व्हॅल्यू रिकामी स्ट्रिंग आणि एक्स्पायर्स एक तास मागचा द्या. रिकामी व्हॅल्यू पाहून पीएचपी स्वतःच १९७० ची तारीख आणि मॅक्स-एज शून्य घालतं. (याचमुळे कुकीत फॉल्स ठेवायला गेलात तर ती पुसली जाते. हो-नाही साठवायचं तर १ आणि ० ठेवा.)

‘त्याच कुकीवर’ म्हणजे कोणत्या? ब्राउझर कुकी ओळखतो ती नाव, डोमेन आणि पाथ या तिन्हींवरून. ‘/खाते’वर ठेवलेली कुकी ‘/’वर पुसायला गेलात तर ब्राउझरच्या दृष्टीने ती दुसरीच कुकी. तो निमूटपणे काहीच करत नाही आणि तक्रारही करत नाही. डोमेन देऊन ठेवलेली कुकी डोमेन न देता पुसता येत नाही, उलटही येत नाही. सिक्युअर कुकी साध्या एचटीटीपी पानावरून पुसायला गेल्यास आजचे ब्राउझर ते नाकारतात. अनसेट वापरून ॲरेतली नोंद काढली तर फक्त चालू विनंतीपुरती ती दिसेनाशी होते, ब्राउझरला त्याचा पत्ताही नसतो. एक्स्प्रेसच्या क्लिअरकुकीलाही मूळचेच पाथ आणि डोमेन द्यावे लागतात.

यावरचा खात्रीचा इलाज कोडच्या रचनेत आहे. पर्यायांचा ॲरे एकाच फंक्शनमध्ये लिहा, ठेवणं आणि पुसणं दोन्ही त्यातूनच करा, पुसताना फक्त एक्स्पायर्स बदला.

जुन्या साइटवर मात्र एकाच नावाच्या दोन कुक्या मुरलेल्या असतात, एक ‘/खाते’ची, एक ‘/’ची. ब्राउझर दोन्ही पाठवतो, लांब पाथवाली आधी, आणि पीएचपी पहिलीच धरतं. नवी व्हॅल्यू लिहिली तरी जुनीच वाचली जाते ती यामुळे. पूर्वी वापरात असलेल्या प्रत्येक पाथ-डोमेन जोडीसाठी पुसण्याची एकेक ओळ लिहा आणि त्या ओळी सव्वा वर्ष तरी काढू नका, क्रोममधल्या कुकीचं आयुष्य ४०० दिवसांचं असू शकतं. किंवा सरळ कुकीचं नाव बदला. मला विचाराल तर नाव बदलणं स्वस्त पडतं.

पायरी ५ : लॉगआउट

सेशन-डिस्ट्रॉय सर्व्हरवरचा डेटा काढतं, ब्राउझरमधली सेशनची कुकी तशीच राहते. आधी सेशन ॲरे रिकामा करा, मग सेशन-गेट-कुकी-पॅराम्सने मिळालेले पाथ, डोमेन वगैरे वापरून कुकी पुसा, शेवटी सेशन-डिस्ट्रॉय. तो पॅराम्सचा ॲरे जसाच्या तसा सेटकुकीला देऊ नका, त्यात ‘लाइफटाइम’ नावाची की असते आणि सेटकुकीला ती चालत नाही.

‘लक्षात ठेवा’वाली कुकी असेल तर तिच्या टोकनची (तिच्यातल्या ओळखखुणेची) डेटाबेसमधली नोंदही खोडा. कुणी ती कुकी आधीच चोरून ठेवली असेल तर ब्राउझरमधली प्रत पुसून चोराचं काहीच बिघडत नाही.

तपासायचं कुठे

एफ-१२ दाबा. क्रोममध्ये ‘ॲप्लिकेशन’, फायरफॉक्समध्ये ‘स्टोरेज’ या टॅबमध्ये प्रत्येक कुकीचा पाथ आणि डोमेन दिसतो, पुसणाऱ्या ओळीशी ते अक्षरशः ताडून पाहा. कुकी तिथे आलीच नसेल तर ‘नेटवर्क’मध्ये त्या पानाचे रिस्पॉन्स हेडर उघडा. सेट-कुकी हेडर नसेल तर चूक सर्व्हरवर आहे, पायरी १ पुन्हा बघा. हेडर आहे पण क्रोमने त्याशेजारी पिवळा त्रिकोण दाखवला असेल तर ब्राउझरने ती नाकारली आहे, त्यावर माउस नेला की कारण कळतं.

हे सगळं करूनही एकाला दुसऱ्याचंच खातं दिसत असेल तर कॅशकडे बघा. सीडीएन (पानांच्या प्रती साठवून वाटणारे सर्व्हर) किंवा मधल्या प्रॉक्सीने सेट-कुकीसकट पान साठवलं तर तीच कुकी पुढच्या प्रत्येकाला वाटली जाते. कुकी ठेवणाऱ्या पानांवर कॅश-कंट्रोल हेडरमध्ये ‘नो-स्टोअर’ लिहा आणि आधी साठवलेल्या प्रती सीडीएनवरून पर्ज करा, म्हणजे काढून टाका. वाटली गेलेली सेशनं सर्व्हरवरूनच रद्द करावी लागतात.