जंगलाच्या ड्राफ्टवर हरकत-सूचना कशी लिहायची, खानापूर-बेळगावकडच्या लोकांसाठी

पश्चिम घाटाच्या इको सेन्सिटिव्ह एरियाचा (निसर्ग जपण्यासाठी निर्बंध घालायचं क्षेत्र) केंद्र सरकारचा सहावा ड्राफ्ट, म्हणजे कच्ची अधिसूचना, ३१ जुलै २०२४ ला आला, कर्नाटकातलं २० हजार चौरस किलोमीटरहून जास्त क्षेत्र त्यात होतं, आपल्या खानापूरची गावंपण यादीत. असं काही आलं की आपल्याकडे मोर्चा निघतो, निवेदन देतानाचा फोटो पेपरात येतो, पण मुदतीत लेखी हरकत किंवा सूचना पाठवणारे फार थोडे. आणि ज्यांना जंगल राहावं असं मनापासून वाटतं ते तर लिहीतच नाहीत, म्हणून हे सगळं लिहायला घेतलंय.

आधी ड्राफ्ट स्वतः वाचा, व्हॉट्सअपवर आलेला सारांश नको. केंद्राच्या ई-गॅझेटच्या (सरकारी राजपत्र) साइटवर फुकट मिळतो, पहिला भाग हिंदीत आणि नंतर इंग्लिश असतो. अभयारण्याभोवतीच्या इको सेन्सिटिव्ह झोनचा ड्राफ्ट असेल तर पहिल्यांदा तो तक्ता उघडा, ज्यात बंदी कशाला, अटी घालून परवानगी कशाला आणि उत्तेजन कशाला ते दिलेलं असतं. व्यापारी खाणी, दगडाच्या क्वारी, क्रशर, प्रदूषण करणारे नवे कारखाने हे साधारण बंदीत येतात. चालू शेती बंद होणार असं गावात कुणी सांगितलं तर त्याला हा तक्ता दाखवा, स्थानिकांची शेती त्यात चालू ठेवलेली असते, घर बांधायला-दुरुस्तीला लागणारी माती काढायलासुद्धा सूट असते. मग गावांची यादी आणि नकाशा बघा, तुमच्या वाडीचं नाव चुकलंय का, सर्वे नंबर बरोबर आहेत का.

मुदत ६० दिवसांची असते, आणि ती गॅझेटची प्रत लोकांना मिळायला लागल्यापासून मोजतात. पत्ता आणि ईमेल ड्राफ्टमध्येच छापलेला असतो, बहुतेक दिल्लीच्या पर्यावरण मंत्रालयाचा. डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसात दिलेलं निवेदन आपोआप दिल्लीला पोचतं असं धरून बसू नका, दोन्हीकडे द्या.

आता खरं काम, म्हणजे काय लिहायचं. "आमचा पाठिंबा आहे" किंवा "आमचा तीव्र विरोध आहे" एवढंच लिहिलं तर तो कागद फक्त मोजला जातो, वाचला जात नाही. कलम कुठलं, जागा कुठली, तिथं तुम्ही काय बघितलंय आणि बदल नेमका काय पाहिजे, हे चार आले की अधिकाऱ्याला त्यावर काहीतरी उत्तर द्यावं लागतं. उदाहरणार्थ असं लिहा: "आमच्या गावच्या सर्वे नंबर अमुकमधल्या ओढ्याला मे महिन्यातपण पाणी असतं, गवे संध्याकाळी तिथं उतरतात, अस्वलाची विष्ठा दरवर्षी बांधावर दिसते, नकाशात झोनची हद्द ओढ्याच्या अलीकडेच थांबली आहे, ती पलीकडच्या डोंगरापर्यंत न्यावी." सोबत तारीख टाकलेले दोन-तीन फोटो, मोबाईलचं लोकेशन, उताऱ्याची झेरॉक्स. गवा भात खाऊन जातो, भरपाई उशिरा मिळते, तेपण लिहा, वर्षासकट. जंगल पाहिजे म्हणणाऱ्यानं नुकसानीबद्दल बोलू नये असं कुठं आहे? खानापूरच्या भीमगड अभयारण्यातल्या बारापेडे गुहेतलं रॉटनचं वटवाघूळ कितीतरी वर्षं जगात फक्त तिथलंच माहीत होतं, आणि हे कळलं कारण कुणीतरी जागा नेमकी नोंदवून ठेवली होती. तुमच्या ओढ्याची नोंद तुम्हीच करायची आहे.

भाषेचं टेन्शन घेऊ नका. राज्यात किंवा केंद्रात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क घटनेच्या कलम ३५० नं दिलाय, म्हणजे मराठीत लिहिता येतं. पण काम व्हावं असं वाटत असेल तर खाली कन्नड नाहीतर इंग्लिशमध्ये पाच-सहा ओळी जोडा, गावातली कन्नड शाळेत शिकलेली पोरं आनंदानं करून देतात. हाती दिलं तर दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय हलू नका, पोस्टानं असेल तर स्पीड पोस्टची पावती जपून ठेवा.

खाण, मोठं धरण असा प्रोजेक्ट असेल तर २००६ च्या ईआयए (पर्यावरणावर काय परिणाम होईल त्याचा अभ्यास) नोटिफिकेशनप्रमाणे जाहीर सुनावणी लागते (काही प्रकारांना सूट आहे, ते तपासा). नोटीस कमीत कमी ३० दिवस आधी पाहिजे, त्या अभ्यासाचा रिपोर्ट डीसी ऑफिस, जिल्हा पंचायत अशा ठिकाणी बघायला ठेवतात, तिथं बसून वाचायला एक अख्खा दिवस काढा. सुनावणीला कोरम नसतो, दहाच माणसं आली तरी ती पूर्ण झाली असं धरलं जातं, म्हणून जाणं भाग आहे. बोलताना नाव-गाव सांगून तोच लेखी कागद द्या. शेवटी झालेल्या चर्चेचा गोषवारा स्थानिक भाषेत वाचून दाखवायचा नियम आहे, तोपर्यंत थांबा, तुमचा मुद्दा त्यात नसेल तर तिथंच उठून सांगा, व्हिडिओ शूटिंग चालू असतं.

ग्रामसभेचा ठराव जोडला तर फार वजन येतं. पीडीओना (पंचायतीचे विकास अधिकारी) आधी भेटून विषय अजेंड्यावर घ्यायला लावा, आणि पंचायतीच्या जैवविविधता समितीचं रजिस्टर (गावातल्या झाडं-प्राण्यांची नोंदवही) आहे का ते विचारा, असलं तर त्यातली पानं जोडा.

झोनचं फायनल नोटिफिकेशन निघालं तरी काम संपत नाही. दोन वर्षांत राज्य सरकारनं स्थानिकांशी बोलून झोनल मास्टर प्लॅन करायचा असतो, रस्ते, रिसॉर्ट, पाण्याचे साठे सगळं त्यात ठरतं. तो कुठवर आला हे वनखात्याकडे आरटीआयनं विचारा, फी १० रुपये, उत्तर ३० दिवसांत, आणि कर्नाटकात अर्ज १५० शब्दांच्या आत, एकाच विषयाचा ठेवा.