डीएनएच्या रक्षणासाठी फळे कशी खावीत

फळे खाल्ली की कर्करोग होतच नाही, असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. तंबाखूचा धूर, ऊन आणि पेशींचे रोजचे कामकाज यांमुळे डीएनएला सतत इजा होत असते; ती साचत गेली तर कर्करोग होऊ शकतो, पण शरीर ती बरीचशी दुरुस्तही करते. या कामात फळांतील क जीवनसत्त्व आणि फोलेट (ब गटातील एक जीवनसत्त्व) यांचा हातभार लागतो. किवी खाणाऱ्यांच्या रक्तपेशींतील डीएनएची इजा कमी झाल्याचे काही लहान प्रयोगांत दिसले आहे; मात्र ते प्रयोग काही आठवड्यांचे होते आणि कर्करोग घडायला वर्षे लागतात.

प्रथम प्रमाण ठरवावे. जागतिक आरोग्य संघटना फळे व भाज्या मिळून दिवसाला किमान ४०० ग्रॅम सुचवते, त्यात बटाटा धरत नाहीत. फळे स्वच्छ धुवावीत, रंग बदलत राहावेत आणि सफरचंदासारख्या फळाची साल काढू नये.

खरी गोची पुढे आहे. मी वर्षभर रोज सकाळी तीन-चार संत्र्यांचा रस गाळून पीत असे आणि गाळणीवरचा चोथा बिनदिक्कत फेकून देत असे. पेला दोन मिनिटांत रिकामा होई आणि दहा वाजता पुन्हा भूक लागे. मोठ्या आतड्यातील जिवाणू ज्या तंतूंपासून ब्युटिरेट हे आम्ल तयार करतात आणि ज्या आम्लावर तिथल्या अस्तराच्या पेशी पोसल्या जातात, ते तंतू त्या चोथ्यातच होते, हे मला फार उशिरा कळले. तंतुमय आहार आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा कमी धोका यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला असताना रस गाळणे म्हणजे शुद्ध उधळपट्टी आहे. फळ चावूनच खावे.

त्यानंतर मी जीवनसत्त्वांच्या गोळ्यांच्या नादी लागलो, ती चूक याहून मोठी होती. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये आले, तेव्हा बीटा कॅरोटीन (गाजरातले नारिंगी रंगद्रव्य, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवते) गोळीतून रोज २० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी सुमारे १८ टक्के अधिक आढळला. तेव्हा फळाऐवजी गोळी घेऊ नये आणि फळे खातो म्हणून सिगारेट चालेल, असा हिशेबही मांडू नये.

कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांबरोबर ग्रेपफ्रूट (संत्र्याच्या जातीचे मोठे, कडसर फळ) चालत नाही. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असल्यास कोणते फळ किती खावे, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.